दुसऱ्याच्या लेकराला एरर

बेसबॉलशी माझा संबंध आला तो एका नियमामुळे. इथल्या खेळाच्या क्लबाला फेराइन म्हणतात आणि फेराइनमध्ये नुसती वर्गणी भरून सुटका होत नाही. मूल खेळत असेल तर आईबापांपैकी एकाने वर्षाकाठी ठरलेले तास क्लबसाठी राबायचं, असं लेखी असतं. गवत कापायचं, सॉसेज भाजायचे, कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या. माझा नवरा सोमवार ते शुक्रवार वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात आणि शनिवारी न्युरेम्बर्गला घरी आला की सोफ्यावर आडवा. त्यामुळे ते तास कोणाच्या वाट्याला येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कामांची यादी माझ्यासमोर आली. गवत कापायचं यंत्र ट्रॅक्टरएवढं होतं. सॉसेज भाजायचं म्हटलं तर घरात सासूबाई तीन महिन्यांसाठी आलेल्या, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ? शेवटी एकच ओळ उरली, स्कोअरर. मी म्हटलं, हे माझं. मी सांगलीची. शाळेत असताना रेडिओ ऐकत अख्ख्या कसोट्या मी वहीत उतरवल्या आहेत. मला स्कोअर लिहायला हे काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

तो तोरा दोन दिवस टिकला, कारण परवान्याचा वर्ग दोन दिवसांचा होता. हो, जर्मनीत स्कोअर लिहायलाही परवाना लागतो. एका शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर आम्ही बाराजण गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि एक मिशाळ गृहस्थ फळ्यावर चौकोन काढत होते. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो एक. दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या दुसऱ्या थांब्यावर, उभा असतो तो चार. पिचर बदलला की पेनाचा रंग बदलायचा. हे सगळं मला जमलं. अडलं ते पुढेच.

फलंदाजाने चेंडू मारला आणि तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, तर ते त्याचं कर्तृत्व की समोरच्याचा ढिसाळपणा? कर्तृत्व असेल तर 'हिट' लिहायची. क्षेत्ररक्षकाच्या हातून सहज येणारा चेंडू निसटला असेल तर 'एरर' लिहायचा आणि पुढे त्या क्षेत्ररक्षकाचा आकडा. हे पंच ठरवत नाही, ट्रेनर ठरवत नाही. ठरवतो फक्त स्कोअरर, आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही.

"साधारण प्रयत्नात तो चेंडू हातात यायला हवा होता का, एवढंच बघायचं," मिशाळ गृहस्थ म्हणाले.

"साधारण म्हणजे कोणाचा साधारण?" मी विचारलं.

"त्या वयाच्या, त्या दर्जाच्या खेळाडूचा."

"पण एखाद्याचा दिवसच वाईट असेल तर?"

"मग त्या वाईट दिवशी त्याच्या नावावर एरर लागतो," ते म्हणाले.

आता माझी नोकरी काय, तर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. दिवसभर मी इथल्या प्रोग्रामरांच्या चुका काढते, त्यांना क्रमांक देते आणि सगळ्या ऑफिसला दिसतील अशा टांगते. तेव्हा मला अजिबात लाज वाटत नाही. पण ते प्रोग्रामर चाळीस वर्षांचे असतात आणि त्यांच्या आया माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या नसतात.

माझी लेक चौदा वर्षांची, आणि ती आमच्या मुलामुलींच्या मिश्र संघाची पिचर. मी परवाना घेऊन आल्यावर तिने माझी शिकवणी लावली. संध्याकाळी जेवताना टेबलावर लॅपटॉप ठेवून ती मला आणि सासूबाईंना बेसबॉलच्या इतिहासातले गाजलेले क्षण दाखवू लागली. दोन्ही पाय दुखावलेला एक फलंदाज अख्ख्या सामन्यात एकदाच मैदानात येतो, चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो आणि लंगडत लंगडत चारही बेस फिरतो. लेकीच्या अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या, "याला घरी झोपवायचं सोडून खेळायला कोणी पाठवलं?"

मग एक पहिल्या बेसवरचा खेळाडू. ऐन अंतिम मालिकेत एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. बिचारा किती वर्षं उत्तम खेळला होता, पण जग पुढे त्याला त्या एका चेंडूवरूनच ओळखत राहिलं. सासूबाईंनी घास खाली ठेवला. "अगं, त्याची आई बघत असेल का गं तेव्हा?" त्या म्हणाल्या.

आणि तिसरा तो पंच. पिचरने एकामागून एक सव्वीस फलंदाज बाद केलेले, एकालाही पहिला बेस दिलेला नाही. सत्ताविसावा, म्हणजे सामन्यातला शेवटचा, तोही स्पष्ट बाद, आणि पंचाने त्याला नाबाद दिला. दुसऱ्या दिवशी सामन्याआधी त्याच पिचरने पंचाच्या हातात संघाची यादी नेऊन दिली, तेव्हा पंचाचे डोळे भरून आले होते.

या सगळ्यातून मला एक गोष्ट खुपू लागली. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर समालोचक ओरडतो, गोलंदाज डोकं धरतो, पण रात्री धावफलक पाहिला तर सुटलेल्या झेलाचा मागमूस नसतो. ज्याचा सुटला त्याला सुखाने झोप लागते. बेसबॉलच्या फलकावर मात्र तीन रकाने असतात, धावा, हिट आणि एरर. चुकांना स्वतंत्र रकाना देणारा खेळ जर्मनांच्या पसंतीस कसा पडला असेल हे मला लगेच कळलं. अमेरिकन फौजा या भागातून गेल्या आणि मैदान मागे सोडून गेल्या, ते यांनी इतक्या प्रेमाने उगीच जपलेलं नाही.

हंगाम सुरू झाला. आमचं मैदान कोबीच्या शेतांना लागून आहे. मी जाळीमागे एका टेबलाशी छत्रीखाली बसायची, चार रंगांची पेनं मांडून. शेजारी सासूबाई, मांडीवर चहाचा थर्मास. आणि त्यांच्या पलीकडे ओळीने सगळे आईबाप.

पहिल्याच सामन्यात दुसऱ्या बेसवर चेंडू आला. तिथे आमची चष्मेवाली उभी होती. लेकीची जिवलग मैत्रीण, दोघी एकाच ट्रामने शाळेत जातात. तिची आई तर ट्रामच चालवते, आणि त्या दिवशी माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसून केक वाटत होती. चेंडू सरळ चष्मेवालीच्या ग्लव्हमध्ये गेला आणि बाहेर पडला. एरर. वर्गात हेच चित्र फळ्यावर काढलं होतं.

माझं पेन उचललेलं राहिलं. सासूबाई कानाशी कुजबुजल्या, "अगं, दुसऱ्याच्या लेकराला नावं ठेवू नयेत." आणि तेवढ्यात ट्रामवाल्या बाईंनी केकची बशी माझ्यापुढे केली.

मी हिट लिहिली.

पुढे सवयच लागली. पाहुण्या संघातली मुलंही कोणाची तरी लेकरंच, म्हणून त्यांनाही मी सोडलं. चेंडू पायांतून जावो, डोक्यावरून जावो, ग्लव्हमध्ये शिरून बाहेर येवो, मी मोठ्या मनाने हिट लिहीत गेले. फक्त एका ठिकाणी माझा हात आखडत नव्हता. माझ्या लेकीने पहिल्या बेसकडे चेंडू जरा उंच फेकला की मी तत्काळ तिच्या नावावर एरर ठोकायची. आपल्या मुलीला आपणच पाठीशी घातलं तर लोक काय म्हणतील? आमच्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही हेच केलं असणार. शेजारीण म्हणाली, "तुमची मुलगी किती हुशार हो," की आईने म्हणायचं, "कसली हुशार, घरी काडी इकडची तिकडे करत नाही." यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दीड महिन्याने लीगची आकडेवारी सांभाळणाऱ्या गृहस्थांचा ईमेल आला. अतिशय नम्र. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या मैदानावर आजवर एकाही खेळाडूच्या हातून चेंडू सुटलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या अनुभवाबाहेरची आहे. त्यामुळे फलंदाजांची सरासरी फार वर गेली असून सगळे पिचर निष्कारण बदनाम होत आहेत. याला अपवाद फक्त आपल्या संघाची पिचर, जिच्या नावावर लीगमधले सर्वाधिक एरर आहेत. या खेळाडूला काही अडचण आहे का, असं त्यांनी काळजीने विचारलं होतं.

मी तो ईमेल कोणाला दाखवला नाही. पण आकडे लीगच्या संकेतस्थळावर होतेच, आणि ते लेकीने पाहिले.

ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण भांडायचं असलं की ती जर्मनमध्ये भांडते, आणि जर्मनमध्ये ते फार थंड वाटतं. "सगळ्या लीगमध्ये चुका करणारी मी एकटीच आहे का?"

"अगं, आपल्या माणसाला आपणच बोलायचं असतं," मी म्हटलं.

"का?"

याचं उत्तर मी कधी शोधलंच नव्हतं. "म्हणजे मग दुसरे बोलत नाहीत," मी काहीतरी जुळवलं.

"दुसरे बोलतच नव्हते," ती म्हणाली. "जे झालं ते लिही. माझंही आणि त्यांचंही. तुला जमणार नसेल तर गवत काप."

मी शब्द दिला. आणि तो पाळलाही, म्हणजे बऱ्यापैकी. पाहुण्या संघांच्या मुलांना एरर द्यायला लागले, कारण त्यांच्या आया जाळीच्या पलीकडच्या बाजूला बसायच्या. आमच्या मुलांचे एरर लिहिताना मी थोडी खोकायची, पण लिहायची. चष्मेवालीच्या वेळी मात्र नेमकं माझं लक्ष दुसरीकडे असायचं.

मग जूनमधला तो शनिवार आला.

आमच्या क्लबच्या झोपडीवजा खोलीत एक लाकडी फळी आहे. तिच्यावर क्लबच्या इतिहासातले मैलाचे दगड तापलेल्या लोखंडाने कोरलेत. कुंपणापलीकडे कोबीत गेलेला पहिला होम रन, वरच्या लीगमध्ये पहिली बढती, एकाच चेंडूवर तीन फलंदाज बाद झाले तो दिवस. प्रत्येकापुढे खेळाडूचं नाव. खाली एक ओळ फार वर्षांपासून अर्धीच आहे. 'पहिला नो-हिटर' एवढं कोरून पुढे जागा सोडलेली. नो-हिटर म्हणजे पिचरने अख्ख्या सामन्यात एकही हिट द्यायची नाही, एरर झाले तर चालतात. फळी करवून घेणाऱ्या अध्यक्षांना वाटलं असावं, येत्या वर्षा-दोन वर्षांत होईलच. ते अध्यक्ष आता निवृत्त होऊन घोडे पाळतात.

त्या शनिवारी निम्मा सामना झाला तेव्हा मी माझ्या कागदाकडे पाहिलं. पाहुण्या संघाच्या रकान्यात एकही हिट नव्हती. मी पुन्हा मोजलं. दोनजण चार वाईट चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर गेले होते, एकदा लेकीनेच फेक उंच टाकली होती आणि त्याचा एरर मी तिच्या नावावर लिहिला होता. हिट मात्र शून्य.

मी मान वर केली तर सगळं मैदान विचित्र शांत. आमच्या बाकावर लेक एका टोकाला एकटी बसलेली आणि उरलेला संघ दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं, तिच्याकडे पाहतही नव्हतं.

"पोरीला वाळीत टाकलं की काय?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांना हळू आवाजात समजावलं. बेसबॉलमध्ये रीतच आहे, नो-हिटर चालू असेल तर त्याचा उच्चार करायचा नाही. पिचरजवळ बसायचं नाही, कौतुक करायचं नाही. केलं की बिघडतं.

मी सांगून संपेपर्यंत सासूबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तीन महिन्यांत या देशातली पहिली गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. "मग, दृष्ट लागतेच," त्या म्हणाल्या. "मीठ-मोहऱ्या आणल्या असत्या तर उतरवून टाकली असती. इथे कुठे मिळतील?"

"अहो आई, सॉसेजच्या टपरीवर मोहरीची चटणी आहे फक्त."

त्यांनी क्षणभर खरोखर विचार केला, मग मान हलवली आणि पदरात हात घालून जप करत बसल्या. शेजारच्या ट्रामवाल्या बाईंनीही ओठ घट्ट मिटले होते. केक तसाच झाकलेला होता.

शेवटची इनिंग. पहिला फलंदाज बाद. दुसरा बाद. राहिला एक. त्याने चेंडू मारला आणि मारल्याबरोबर मला बरं वाटलं, कारण तो इतका साधा होता. दोन टप्पे घेत, जास्त वेगही नाही, सरळ दुसऱ्या बेसकडे. चष्मेवालीला एक पाऊलही हलावं लागलं नाही. ती खाली वाकली, चेंडू ग्लव्हमध्ये आला, आणि बाहेर पडला. तिने तो उचलला, पुन्हा सुटला. तोवर फलंदाज पहिल्या बेसवर उभा होता.

आणि मग सगळं मैदान माझ्याकडे वळलं.

असं माझ्याकडे आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही. लेक कमरेवर हात ठेवून उभी. ट्रेनर उभा. फलकाशी आकड्यांच्या पाट्या बदलणारे आजोबा हातात एकाची पाटी घेऊन थांबलेले, ती हिटच्या खाली लावायची की एररच्या, याची वाट बघत. आणि चष्मेवालीचे डोळे चष्म्यामागे मोठे झालेले.

तो एरर होता. यात मला तेव्हाही शंका नव्हती. माझ्या हातून सुटला असता तरी मी तो एरर म्हटला असता. पण तो लिहायचा म्हणजे काय करायचं? माझ्या मुलीचं नाव फळीवर लागावं म्हणून तिच्या मैत्रिणीच्या नावावर चूक टाकायची, आणि तीही मी, पिचरच्या आईने, ट्रामवाल्या बाईंच्या शेजारी बसून. लोक काय म्हणतील ते मला ऐकूच येऊ लागलं. गंमत अशी की ते सगळे जर्मन असूनही माझ्या डोक्यात मराठीत बोलत होते.

मी हात वर करून हिटची खूण केली.

आजोबांनी हिटच्या खालचा शून्य काढला आणि एक लावला. पाटी लाकडी होती, खिळ्यावर अडकली तेव्हा टक् असा आवाज झाला आणि तो सगळ्यांना ऐकू आला. ट्रेनरने माझ्याकडे पाहिलं, बोलला नाही. नियमच आहे तसा. लेकीने पुढच्या फलंदाजाला तीन चेंडूंत बाद केलं, सामना आम्ही जिंकलो, आणि कोणी उडी मारली नाही.

"मोठ्या मनाचं केलंस हो," सासूबाई म्हणाल्या. "मला अभिमान वाटला तुझा."

गाडीत लेक मागे बसली आणि खिडकीबाहेर कोबी बघत राहिली. घरी आल्यावर तिने बूट जागेवर ठेवले. ती कधीच ठेवत नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. मग ती वळली, आणि या वेळी तिने मराठीत विचारलं, कदाचित आजीलाही कळावं म्हणून.

"माझं चांगलं झालेलं तुला लिहिता येत नाही का?"

मी म्हटलं, "अगं, तसं नाही." ती खोलीत जाऊन रडत बसली. नवरा सोफ्यावरून उठून बसला आणि काय झालं म्हणून विचारू लागला, तर मी उगाच त्याच्यावरच खेकसले. सासूबाईंनी रवा काढला आणि लाडू करायला घेतले. आमच्याकडे काही चुकलं की लाडू होतात.

नियम असा आहे की सामना संपल्यापासून चोवीस तासांत स्कोअररला आपला निर्णय बदलता येतो. रविवारी सकाळी उठल्यापासून मला एवढंच सुचत होतं. पण चष्मेवालीच्या घरच्यांना न सांगता तिच्या नावावर एरर चढवायचा आणि त्यांनी तो संकेतस्थळावर वाचायचा, हे मला जमणारं नव्हतं. जाऊन, समोर बसून, माफी मागून लिहायचं ठरवलं. रविवारी जर्मन माणसाच्या दारात अचानक उभं राहणं हा वेगळाच एरर, म्हणून आधी मेसेज केला. पंधरा मिनिटांसाठी येऊ का? उत्तर आलं, हो, साडेतीनला. माझी मुदत सव्वाचारला संपत होती.

सासूबाई डबा घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. "असल्या कामाला एकटीने जाऊ नये," त्या म्हणाल्या.

ट्रामवाल्या बाईंनी दार उघडलं, डबा घेतला, कॉफी ओतली. मी सकाळपासून मनात जुळवलेलं जर्मन भाषण सुरू केलं. तुमची मुलगी फार गुणी आहे. असं कोणाच्याही हातून होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल काहीही नाही. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी कोणी आजारी असल्याची बातमी आणली आहे. शेवटी त्यांनीच मला थांबवलं. "आल्झो, म्हणजे नक्की काय झालंय?"

"कालचा तो चेंडू. तो एरर होता. मी हिट लिहिली. मला तो बदलायचा आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "एरर चार. आम्ही काल घरी तेच बोललो. मग बदला ना."

एवढंच. मी सकाळपासून ज्याला घाबरले ते एका वाक्यात संपलं. पण तेवढ्यात दारात चष्मेवाली येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती माझ्यावर रागावलेली होती, हे लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

"तुम्ही माझ्या वेळी नेहमी हिट लिहिता," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. मी बघते संकेतस्थळावर."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"हिट लिहिली म्हणजे तो चेंडू कोणालाच पकडता आला नसता. पण तो मला यायला हवा होता. तुम्हाला काय वाटतं, मला पकडता येत नाही?"

मला तसंच वाटत होतं. पहिल्या सामन्यापासून वाटत होतं. भित्रं, चष्मा लावणारं पोर, कशाला बिचारीला, असं म्हणत मी तिला हंगामभर दयेवर खेळवलं होतं, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"काय म्हणतेय पोर?" सासूबाईंनी विचारलं. मी भाषांतर केलं. त्यांनी ऐकलं, चष्मेवालीकडे नीट पाहिलं आणि क्षणात पक्ष बदलला. "बरोबर बोलतेय की ती," त्या मला म्हणाल्या. "तू असं कसं केलंस?"

मी पिशवीतून कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. हिटची खूण खोडली. चष्मेवाली माझ्या खांद्यावर वाकून बघत होती. मी निळं पेन घेतलं तर म्हणाली, "निळं नाही. ती पिचर असते तेव्हा हिरवं असतं." मी हिरव्याने एरर चार लिहिलं, खाली वेळ टाकली, सही केली. तिने ते दोनदा वाचलं, मग डब्यातला एक लाडू घेतला आणि आत निघून गेली. चार वाजून दोन मिनिटांनी मी तो कागद फोटो काढून पाठवून दिला.

घरी आले तेव्हा लेक स्वयंपाकघरात दुधात पोहे घालून खात होती. चष्मेवालीने तिला आधीच कळवलं होतं, त्यामुळे मला सांगायला काही उरलं नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला.

"का बदललंस?" तिने विचारलं. "मी रडले म्हणून?"

"नाही."

"मग तिने सांगितलं म्हणून?"

"नाही. तो चेंडू तिला यायला हवा होता म्हणून." मी थांबले. पुढचं वाक्य मराठीत म्हणायची मला सवय नव्हती, कोणत्याच भाषेत नव्हती. "आणि तू अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाहीस म्हणून. फार सुंदर टाकलंस तू काल. मी पाहत होते."

सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, त्यांचे हात थांबले. लेक माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता खांदे उडवेल, जर्मनमध्ये काहीतरी म्हणेल आणि पोहे खायला लागेल.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.